सहल आखा, पण आधी तिथी बघा

शनिवारी रात्री 'उद्या काशीद' असं ठरतं, तेव्हा गाडी कोणाची, निघायचं किती वाजता आणि मिसळ कुठे खायची यावर तासभर खल होतो. समुद्राला भरती कधी आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात एक दिवस घालवायचा, तर पहिला प्रश्न हाच हवा.

उत्तर घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी 3 च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला 6 वाजता. पौर्णिमा-अमावास्येला 12 च्या आसपास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात मिळते. दिवसाचा क्रम लावायला मात्र पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

समजा, रविवारी पौर्णिमा आली. दुपारी भरती, संध्याकाळी 6 च्या सुमारास ओहोटी. मग सकाळ जंगलाची. काशीदच्या मागच्या डोंगरातलं फणसाड अभयारण्य ही एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकारीची जागा होती. 1986 मध्ये तिचं अभयारण्य झालं. समुद्राच्या इतक्या जवळ एवढं दाट जंगल महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे, आणि तरीही काशीदला जाणाऱ्या गाड्यांपैकी मोजक्याच अभयारण्याकडे, सुपेगावच्या बाजूला वळतात. हे खरोखर वाईट वाटण्यासारखं आहे.

फणसाडमध्ये उजाडता उजाडता पोहोचावं. ऊन चढलं की पक्षी गप्प होतात आणि शेकरूही पानांआड जातं. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सकाळी उंच फांद्यांवरून धावताना दिसतो. तपकिरी पाठ, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. तो नाहीच दिसला, तर झाडाच्या शेंड्याजवळ त्याचं काटक्या-पानांचं गोल घरटं तरी दिसतं. वाटेत गारंबीचे मनगटाएवढे जाड वेल झाडांना पिळे घालत वर गेलेले असतात. त्यांच्या शेंगा हातभर लांब, कधी त्याहूनही मोठ्या.

इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावं. अभयारण्याचं नावही या फणसाडगाणावरूनच पडलं. उन्हाळ्यात आजूबाजूचे ओढे आटतात, तेव्हा सांबर, भेकर आणि बिबट्या याच पाण्यावर येतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गाणाच्या काठावर डबे उघडून बसू नये. दहा माणसांचा गोंगाट तासभर चालला, तर तहानलेलं जनावर तेवढा वेळ झाडीत ताटकळतं.

दुपारचं जेवण घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं. ताजी मासळी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. बारा ते तीन हा वेळ सावलीतच घालवावा, कारण वर ऊन आणि खाली उधाणाची भरती.

चारनंतर काशीदच्या पुळणीवर उतरावं. पाणी मागे सरत असतं, ओली वाळू रुंद होत जाते. तिच्यावर बारीक खेकडे बाजरीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या करून रांगा मांडतात. गुडघे टेकून पाहिलं, तर ते वाळूतलं खाद्य शोषून उरलेला गोळा मागे टाकताना दिसतात. मुलं यात अर्धा तास रमतात.

मात्र हीच वेळ पोहण्यासाठी धोक्याची. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच जोराने आत ओढलं जातं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. थंडीतला स्वच्छ दिवस होता.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर तिथीवाचून जाऊच नये. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला चालत जाता येतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी तितकं हटत नाही. आत रमून परतायची वेळ चुकली, तर होडी शोधावी लागते.

एका दिवसात काशीद, मुरुड, जंजिरा आणि जमलं तर कुलाबाही, असा बेत बरेच जण करतात. त्यात दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो. राजपुरीच्या धक्क्यावर होडीची वाट पाहायची आणि घाईघाईत किल्ला उरकायचा, यापेक्षा जंजिऱ्यासाठी वेगळा दिवस काढणं केव्हाही चांगलं. एक जंगल, एक पाणवठा, एक किनारा, इतकं पुष्कळ झालं.

सगळा भार सहलीला येणाऱ्यांवर टाकूनही चालणार नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती असली की मुंबईकरांना तिची वेळ आदल्या दिवसापासून बातम्यांत ऐकवली जाते. रस्ते तुंबण्याची भीती संपली की ती माहिती गायब होते, आणि नेमकी तेव्हाच, दिवाळीपासून, किनाऱ्यावरची गर्दी सुरू होते. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, त्यामुळे मुंबईची माणसं गाडीसकट तासाभरात पलीकडे उतरतात. त्या बोटीत, मांडव्याच्या जेटीवर, अलिबागच्या एसटी स्थानकात आणि प्रत्येक पुळणीच्या वाटेवर 'आज भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता' एवढं रोज खडूने लिहिलं पाहिजे. ग्रामपंचायती वाहनतळाचे आणि प्रवेशाचे पैसे घेतातच. त्यातून एक फळा आणि तो रोज पुसून लिहिणारा माणूस सहज परवडेल. वृत्तपत्रांनीही सूर्योदय-सूर्यास्ताच्या शेजारी भरतीची वेळ बारा महिने छापावी. या दिवाळीच्या सुट्टीपासूनच हे सुरू करता येईल.