दुसऱ्याचा डेक

दुसऱ्याने रचलेला डेक घेऊन खेळणं म्हणजे कॉपी, असं आमच्या घरातल्या निम्म्या मंडळींचं मत आहे. पुण्याचा दादा त्यांचा पुढारी. माझं मत अगदी उलट आहे. फोनवर दादा मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. इथे तरी त्याला मध्ये बोलता येणार नाही :-)

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं (मावशी, हे तुझ्यासाठी). खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसाने तो बनवला आणि १९९३ साली अमेरिकेत बाजारात आला. रमीसारखा एकच जोड सगळ्यांनी वाटून घ्यायचा नाही. प्रत्येकाने आपला जोड घरून बांधून आणायचा, त्याला डेक म्हणतात. कमीत कमी ६० कार्डं, आणि साधी जमिनीची कार्डं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार. जमीन, म्हणजे लँड, टेबलावर असली की त्यातून माना मिळतो, आणि माना खर्चून राक्षस, विजा, मंत्र वगैरे खेळायचं. दोघांकडे २०-२० आयुष्यं. समोरच्याची संपवली की जिंकलात. बाकी नियमांचं पुस्तक फार जाडजूड आहे, ते सोडून देऊ.

तर आमची लेक, वय वर्षं तेरा. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात एक दुकान आहे, तिथे शुक्रवारी संध्याकाळी खेळायला जाते. बहुतेक वेळा तिथे ती एकटीच मुलगी असते. तिने पहिला डेक स्वतःच्या मनाने बांधला होता, ८० कार्डांचा, कारण ६० वर थांबायचं म्हणजे आवडती कार्डं बाहेर ठेवायची! त्यात सात ड्रॅगन. त्यातला लाडका म्हणजे शिवन ड्रॅगन. (आईने फोनवर "शिवण?" असं विचारलं. तिला वाटलं नात शिवणकाम शिकते आहे. तिचा आनंद बघून खरं सांगायला जीवावर आलं.) शिवन ड्रॅगन दिसायला झकास, पण तो टेबलावर यायला सहा माना लागतात. तिथवर समोरचा पोरगा तिचा खेळ आटपून चिप्स खायला गेलेला असायचा. सलग सात शुक्रवार ती हरून आली. सातव्या शुक्रवारी गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, मी पुढच्या वेळी नाही येणार. मला हे जमत नाही."

तिला जमत नव्हतं असं मुळीच नव्हतं. डेक जमत नव्हता. माझं पोट आकडेमोडीवर चालतं, त्यामुळे त्या रात्री मी वहीच घेऊन बसले. तिच्या ८० कार्डांत लँड होत्या २४. सुरुवातीला हातात सात कार्डं येतात. त्यात लँड एक किंवा एकही नाही, म्हणजे खेळ जवळजवळ सुरू व्हायच्या आधीच अडकला, असं होण्याची शक्यता निघाली ३२ टक्के. तीन डावांत जवळपास एक. त्याच २४ लँड ६० कार्डांत ठेवा, आकडा १४ वर येतो. तीच मुलगी, त्याच लँड, फक्त वीस कार्डं कमी! (हात नको असेल तर बदलून घेता येतो, पण त्याची किंमत एक कार्ड कमी.) एखाद्या कार्डाच्या चार प्रती ठेवल्यात, तर ६० मध्ये ते पहिल्या सात कार्डांत दिसायची शक्यता ४० टक्के, ८० मध्ये ३१. म्हणजे आवडीची म्हणून भरलेली प्रत्येक जादा कार्ड तिच्या सगळ्यात आवडत्या कार्डाला थोडं थोडं लांब ढकलत होती. हे गणित मी तिला दाखवलं तेव्हा ती पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ड्रॅगननीच ड्रॅगनला अडवलंय."

त्यानंतर तिने नेटवरून एक यादी उतरवून घेतली. लाल रंगाचा डेक, विजांचा. त्यातली लायटनिंग बोल्ट एका मानात तीन आयुष्यं घेते. तशी सात कार्डं लागली की एकवीस, म्हणजे समोरचा संपला. ड्रॅगन एकही नाही. दुसऱ्याच शुक्रवारी ती चारातले दोन सामने जिंकली, आणि एका मोठ्या मुलाने हरल्यावर तिला ऐकवलं की हा तर नेटडेक, तुझं यात काय? घरी येऊन तिने विचारलं, "आई, ही चीटिंग आहे का?" नेमका तेव्हा दादाचा फोन चालू होता आणि तो पलीकडून म्हणाला, "अगं, म्हणजे कॉपीच की ती!"

दादा, आता ऐक.

लाल रंगाच्या या सगळ्या झटपट डेकांचा जो मूळपुरुष, त्याला स्लाय म्हणतात. १९९६ साली अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू त्याच्यासह दुसरा आला. त्या डेकमध्ये आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी कार्डं होती, ज्यांच्याकडे तोवर कुणी ढुंकून बघत नव्हतं. खुबी अशी की पहिल्या पाळीला एक मानाचं कार्ड, दुसऱ्या पाळीला दोनाचं, अशी चढण आखलेली, जेणेकरून मिळालेला माना वाया म्हणून जायचा नाही. आज यालाच माना कर्व्ह म्हणतात आणि डेक बांधायला बसणारा प्रत्येकजण तिथूनच सुरुवात करतो. पण ही कल्पना स्लायची नव्हतीच! ती जे श्नायडर यांची. स्लाय त्यांचा डेक घेऊन खेळला, आणि इतिहासात नाव राहिलं खेळणाऱ्याचं. मला विचाराल तर श्नायडर यांच्यावर जरा अन्यायच झाला. पण दुसऱ्याची यादी घेऊन खेळणं ही नेटमुळे बिघडलेल्या आजच्या पोरांची खोड आहे, असं मात्र म्हणता येणार नाही.

आणि आपण काय वेगळं करतो? आपल्याकडे लग्न झालेल्या किती मुली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' ओट्यावर उघडं ठेवून स्वयंपाक शिकल्या. त्यांना कुणी कॉपीबहाद्दर म्हटलं नाही. गाण्याच्या क्लासला पहिली पाच वर्षं बाईंच्या मागे जशीच्या तशी तान म्हणायची. स्वतःची म्हटली तर ओरडा बसायचा. (दादा तबल्याला जायचा. त्याने स्वतःचा एकही कायदा बांधलेला माझ्या ऐकिवात नाही.)

शिवाय यादी मिळाली म्हणून खेळ मिळत नाही. १९९९ साली माइक फ्लोरेस यांनी एक लेख लिहिला होता, तो या खेळात अजून वाचतात. त्यांचं म्हणणं साधारण असं, की दोन डेक समोरासमोर आले की एकाला हल्ला करायचा असतो आणि दुसऱ्याला तग धरायचा असतो, आणि आपण त्यातले कोण हे ज्याला कळलं नाही तो हरतो. लेकीचा डेक बहुतेकांसमोर हल्लेखोर. वीज थेट समोरच्या माणसावर टाकायची. पण समोर तिच्यापेक्षाही वेगवान डेक आला तर तीच वीज त्याच्या प्राण्यांवर खर्च करून आधी स्वतः जगायचं. हे कधी करायचं ते यादीत लिहिलेलं नसतं. ती पहिले दोन शुक्रवार विजा नको तिथे टाकून हरली, आणि हरल्यावर प्रथमच तिला आपण का हरलो ते सांगता आलं. सात ड्रॅगनांच्या डेकमध्ये ते कळायची सोयच नव्हती. तिथे हरण्याची कारणं एकदम दहा.

नंतर आलं साइडबोर्ड. डेकबाहेर पंधरा कार्डं जवळ ठेवता येतात आणि सामन्यातला एक डाव झाला की त्यातली आत-बाहेर करता येतात. नेटवरची पंधरा कार्डं कुठल्यातरी मोठ्या स्पर्धेतल्या गर्दीसाठी निवडलेली. आमच्या दुकानातली गर्दी वेगळी. तिथे तिघेजण मेलेले प्राणी परत उठवणारे डेक आणतात. लेकीने वहीत कोण काय खेळतो ते लिहून काढलं आणि पंधरातली सहा कार्डं बदलली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. ज्याने 'तुझं यात काय' विचारलं होतं त्याला हे उत्तर पुरेसं व्हावं. तिने ते त्याला दिलेलं नाही, ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

एका बाबतीत मात्र विरोधकांचं खरं आहे. पैसा. वरच्या डेकांच्या याद्या कित्येकदा काही शे डॉलरच्या घरात जातात, आणि मग कॉपी करायची मुभा सगळ्यांना असली तरी ऐपत सगळ्यांची नसते. आम्ही तिच्या यादीतल्या महागड्या लँड काढून त्या जागी साध्या माउंटन घातल्या. डेक थोडा अधू झाला, चालतो. पॉपर नावाचा एक प्रकार आहे, त्यात फक्त कधीतरी 'कॉमन' म्हणून छापलेली कार्डं चालतात. पोरांनी सुरुवात तिथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण दुकानदारांना ते फारसं रुचत नसावं.

आई याला जुगार म्हणते. तिला हसू नका. सुरुवातीच्या नियमांत खरंच दोघांनी आपापल्या डेकमधलं एकेक कार्ड पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची असा प्रकार होता, तो पुढे मागे पडला. आता पण खेळात नाही, खरेदीत आहे. बूस्टरचं पाकीट म्हणजे आत काय आहे ते न बघता पैसे मोजायचे. चार लायटनिंग बोल्ट हव्या असतील तर दुकानात मागून चार सुट्या घ्याव्यात. त्यासाठी पाकिटं फोडत बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. या एका मुद्द्यावर आई, दादा आणि मी एका बाजूला आहोत, लेक आणि तिचे बाबा दुसऱ्या.

तेव्हा दिवाळीला तिला काही पाठवायचं ज्यांच्या मनात असेल त्यांनी कृपया बूस्टरचा डबा पाठवू नये. हव्या असलेल्या कार्डांची यादी माझ्याकडे आहे, त्यातली बरीचशी अगदी स्वस्त आहेत. आणि हो, यादीत शेवटी शिवन ड्रॅगन आहे. तो डेकसाठी नाही, तिला भिंतीवर लावायचा आहे.