गावाकडची वाट : जवळची की मोकळी?

भाद्रपद उंबरठ्यावर आला, की मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि वसई-विरारच्या घराघरांत एकच चर्चा रंगू लागते : यंदा गावी कोणत्या रस्त्याने जायचे? पनवेलहून सरळ मुंबई-गोवा महामार्ग धरायचा, की द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कराड वा कोल्हापूर गाठून एखादा घाट उतरायचा? ज्याला त्याला आपला अनुभव शिरोधार्य असतो. एकजण गतवर्षी माणगावला चार तास अडकलेला असतो, तर दुसरा खंडाळ्याच्या घाटात. साहजिकच पहिला घाटमाथ्याची बाजू घेतो, तर दुसरा महामार्गाची. निर्णय मात्र बहुधा अनुभवापेक्षा वैतागावरच बेतलेला असतो. हा प्रश्न वैयक्तिक वाटला, तरी त्यात लाखो प्रवाशांचा वेळ आणि जीव गुंतलेला आहे. म्हणूनच त्याचा थोडा शांतपणे विचार व्हायला हवा.

हा प्रश्न मुळात का उद्भवला, हे आधी पाहू. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, म्हणजे आजचा क्रमांक ६६, कोकणवासीयांचा हक्काचा रस्ता. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्यानंतर कंत्राटदार बदलले, मुदती उलटल्या, मंत्र्यांनी पाहणी दौरे केले, जनहित याचिकेच्या रूपाने हा विषय मुंबई उच्च न्यायालयातही गेला. दरम्यान २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह काही वाहने वाहून गेली. नवा पूल अवघ्या दहा महिन्यांत, जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मनात आणले तर काय होऊ शकते, याचे ते उदाहरण होते. पण ते अपवादच ठरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूण येथे उभारणी सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. त्याच्या महिनाभर आधी कशेडी घाटातील बोगद्याची एक बाजू गणेशोत्सवाच्या तोंडावर हलक्या वाहनांसाठी खुली करण्यात आली होती. असा हा रस्ता तुकड्यातुकड्याने घडत गेला. कुठे प्रशस्त चौपदरी काँक्रीट, तर कुठे अचानक बाजारपेठेतून जाणारा अरुंद पट्टा. कोंडीचे मूळ नेमके या विषमतेत आहे.

अरुंद मानेची बाटली

रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत रुंद भागावरून नव्हे, तर सर्वांत अरुंद भागावरून ठरते. उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडू. समजा, चौपदरी रस्त्यावरून तासाला २००० मोटारी एखाद्या गावाच्या वेशीपाशी येत आहेत आणि गावातून तासाला १५०० मोटारीच बाहेर पडू शकतात. पहिल्या तासाअखेर ५०० मोटारींची रांग लागेल. त्या वेळी येणाऱ्यास २० मिनिटे थांबावे लागेल. चार तासांनी रांग २००० मोटारींची होईल आणि शेवटच्या मोटारीला एक तास वीस मिनिटे खोळंबावे लागेल. एका मोटारीमागे सात मीटर धरले, तर एकेरी रांग १४ किलोमीटर लांब होते. पुढे येणाऱ्या मोटारींची संख्या तासाला १००० पर्यंत घटली, तरी ही रांग ओसरायला आणखी चार तास लागतात.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. रस्ता तोच, अंतर तेच, गाडीही तीच. पण तीन तास आधी पोहोचलेल्याला विलंबाचा चौथा हिस्साच सोसावा लागतो. म्हणजे कोणत्या रस्त्याने जायचे, याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न केव्हा निघायचे हा आहे. दुसरी गोष्ट अशी, की गर्दी ओसरल्यावरही कोंडी तत्काळ सुटत नाही. ‘रात्री बारानंतर रस्ता मोकळा होतो’ ही समजूत म्हणूनच फसवी ठरते. संध्याकाळची रांग मध्यरात्रीपर्यंत शिल्लक असते आणि तोवर रात्रीचा मुहूर्त साधणारे तिच्यात भर घालतात.

वळसा कोणाला परवडतो?

आता पर्यायी मार्गांकडे वळू. सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या वाटांची कमतरता नाही. कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट चिपळूणला उतरतो. कोल्हापूरहून मलकापूरमार्गे आंबा घाट साखरप्याला व पुढे रत्नागिरीकडे नेतो. गगनबावड्याहून करूळ व भुईबावडा हे घाट वैभववाडीच्या बाजूला उतरतात. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट कणकवलीला, तर आजऱ्याकडून आंबोली घाट सावंतवाडीला पोहोचवतो.

परंतु हे वळसे सर्वांना सारखेच लाभदायक नाहीत. मुंबईहून महामार्गाने चिपळूण सुमारे २४५ किलोमीटर आहे. कराडमार्गे हेच अंतर चारशेच्या घरात जाते. म्हणजे दीडशे किलोमीटरचा फेरा, किमान अडीच-तीन तास आणि दहाएक लिटर जादा इंधन. रत्नागिरीकरांची स्थितीही फार वेगळी नाही. कणकवलीचे गणित मात्र बदलते. महामार्गाने सुमारे ४४० आणि कोल्हापूर-फोंडामार्गे सुमारे ४९० किलोमीटर, म्हणजे फरक जेमतेम पन्नासचा. सावंतवाडीला तर तो आणखी कमी होतो. गाव जितके दक्षिणेला, तितका वळसा स्वस्त, हे सूत्र ध्यानात ठेवावे. सिंधुदुर्गात जाणाऱ्याला महामार्गावर तास-दीड तासाहून अधिक विलंब अपेक्षित असेल, तर त्याने घाटमाथ्याचा रस्ता धरणे शहाणपणाचे ठरते. चिपळूणकराने मात्र तीन तासांची कोंडी नक्की असल्याखेरीज कराडचे नाव काढू नये. खेड, दापोली, महाडच्या मंडळींना तर तो वळसा बहुतेकदा निरर्थकच होय.

यात आणखी एक अट आहे. वळसा मोकळा असला पाहिजे. गणेशोत्सवाच्या आधी द्रुतगती मार्गावरील बोरघाट, पुण्याच्या बाह्यवळणावरील चांदणी चौक ते नवले पूल हा पट्टा आणि पुढे खंबाटकी ही कोंडीची स्वतंत्र ठिकाणे आहेत. त्यात पुणे, पिंपरी-चिंचवडचा चाकरमानीही त्याच वेळी त्याच रस्त्यावर उतरतो. सातारा ते कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे अलीकडच्या वर्षांत वळणरस्त्यांचा त्रास वाढला, हेही विसरता येत नाही.

वळसा कोठे मिळतो, ते पाहा

पर्याय निवडताना बहुतेकजण तो कोठून फुटतो एवढेच पाहतात. तो मुख्य रस्त्याला परत कोठे मिळतो, हे पाहत नाहीत. खालापूरला द्रुतगती मार्ग सोडून खोपोली-पालीमार्गे वाकणला येणारा रस्ता लोकप्रिय आहे. पेण, वडखळ, नागोठणे या पट्ट्यात कोंडी असेल, तर तो खरोखरच उपयोगी पडतो. पण तो वाकणला महामार्गाला मिळतो आणि कोलाड, इंदापूर, माणगाव ही गावे त्याच्या पुढे आहेत. कोंडी माणगावात असेल, तर पालीमार्गे आलेला मनुष्य त्याच रांगेत, फक्त वेगळ्या बाजूने शिरतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरणाऱ्यांचेही असेच आहे. तो रस्ता निजामपूरमार्गे थेट माणगावलाच येतो. पर्यायी मार्ग कोंडीच्या पलीकडे उतरत असेल, तरच तो पर्याय!

घाट निवडताना सुरक्षिततेचा विचार तर सर्वांत आधी हवा. गणेशोत्सव ऐन पावसाळ्याच्या शेवटी येतो. दरडी सैल झालेल्या असतात, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. भोर-महाड रस्त्यावरील वरंधा घाट पावसाळ्यात प्रशासनाला वेळोवेळी बंद ठेवावा लागला आहे. पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी बस दरीत कोसळून तीस जणांचा बळी गेला. असे रस्ते नकाशावर जवळचे दिसतात, म्हणून रात्री, अनोळखी चालकाने आणि मुलाबाळांसह ते पत्करणे हा शुद्ध अविचार आहे. दिवसभर कचेरीत काम करून रात्री अकराला चाकावर बसणाऱ्याला पहाटेच्या घाटात कोंडीपेक्षा झोपेचा धोका अधिक असतो.

भ्रमणध्वनीवरील नकाशाची मर्यादा

‘एवढा खटाटोप कशाला, भ्रमणध्वनीवरचा नकाशा सांगेल त्या रस्त्याने जावे’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो पूर्णतः चूक नाही. रस्त्यावरील भ्रमणध्वनींच्या हालचालीवरून वाहतुकीचा वेग ताडणारे हे तंत्र शहरात उत्तम चालते. परंतु त्याला कळते ते आत्ताचे. आपण पाच तासांनी माणगावला पोहोचू तेव्हा तेथे काय असेल, याचा त्याला केवळ अंदाज बांधता येतो, आणि सणाच्या गर्दीत नेहमीचे अंदाज कोलमडतात. घाटात जाळे मिळत नाही. तेथे नकाशा मुका होतो. त्याला रस्त्याची लांबी कळते, पण दरडीचा धोका, खचलेली कड वा अर्धवट पूल कळेलच असे नाही. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नोव्हेंबर २०२४ मध्ये नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार तुटलेल्या पुलावरून रामगंगेच्या पात्रात कोसळली आणि तिघे प्राणास मुकले. पुलाच्या तोंडाशी पुरेसा अडथळा नव्हता, हा दोष अर्थातच यंत्रणेचा होता.

याहून मूलभूत अडचण निराळीच आहे. जॉन वॉर्ड्रॉप या इंग्रज अभ्यासकाने १९५२ साली एक तत्त्व मांडले. प्रत्येकजण आपल्यापुरता जलद मार्ग शोधू लागला, की अखेरीस वापरातल्या साऱ्या मार्गांना सारखाच वेळ लागू लागतो. म्हणजे एखादी आडवाट जोवर थोड्यांनाच ठाऊक असते, तोवरच ती आडवाट. हजारो भ्रमणध्वनी एकाच वेळी तिचे नाव घेऊ लागले, की तिचा महामार्ग होतो, रुंदी मात्र गावच्या रस्त्याचीच राहते. पुढे १९६८ साली डिट्रिश ब्राएस या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिले, की विशिष्ट परिस्थितीत नवा जोडरस्ता वाढवल्याने सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. प्रत्येकाची निवड आपापल्या जागी शहाणी, पण सर्वांची मिळून चुकीची, असा हा पेच आहे. तो एकट्या प्रवाशाला सोडवता येणारा नाही. तेथे शासनाची गरज लागते.

शासनाने काय करावे?

शासन काहीच करीत नाही, असे म्हणता येणार नाही. उत्सवकाळात महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते, कोकणात जाणाऱ्या वाहनांना पथकरमाफीचे पास दिले जातात, एसटी हजारो जादा गाड्या सोडते. परंतु पथकरमाफीने खर्च वाचतो, कोंडी कमी होत नाही. सवलतीच्या काळात ती साऱ्यांना सारखीच असल्यामुळे आधी वा उशिरा निघण्याचे कोणालाच प्रयोजन उरत नाही. तीच सवलत दिवस आणि प्रहरांनुसार वाटून दिली, गर्दीच्या बारा तासांत ती आखडती घेतली आणि आडवेळी निघणाऱ्याला पूर्ण दिली, तर रांगेचा बराचसा भार विनाखर्च विभागला जाईल. मोठ्या आस्थापनांनी कोकणातील कर्मचाऱ्यांच्या रजा दोन-तीन दिवसांवर विभागून मंजूर केल्या, तरी तोच परिणाम साधेल.

दुसरी गरज खात्रीच्या माहितीची. कोणत्या गावात किती विलंब आहे, कोणता घाट खुला आहे, हे पळस्पे, खालापूर, कराड आणि कोल्हापूर या निर्णयाच्या ठिकाणी, म्हणजे फाटा फुटण्यापूर्वी, ठळक फलकांवर तासातासाला दिसले पाहिजे. फाटा मागे पडल्यावर मिळालेली माहिती निरुपयोगी असते. तिसरी गोष्ट म्हणजे मोटारीला पर्याय देणे. एका एसटीतून दहा मोटारींची माणसे जातात. कोकण रेल्वेने १९९९ पासून मालमोटारी वाहून नेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी मोटारींची वाहतूकही सुरू केली. तिला प्रतिसाद बेताचाच मिळाला, कारण मुंबईकराला आधी कोलाडपर्यंत रस्त्यानेच यावे लागत होते. कल्पना योग्य, पण सुरुवातीचे स्थानक कोंडीच्या मध्यात!

तोवर प्रवाशाच्या हाती काय उरते? चतुर्थीच्या आदल्या दिवसाचा हट्ट सोडून एक-दोन दिवस आधी, शक्यतो पहाटे निघावे. आपले गाव किती दक्षिणेला आहे, त्यावरून वळशाचा हिशेब घरीच मांडावा. पर्यायी वाट कोंडीच्या पलीकडे उतरते ना, याची खात्री करावी. घाट दिवसाउजेडीच उतरावा. एकदा मार्ग ठरला, की दर अर्ध्या तासाने तो बदलू नये. परतीच्या वेळीही गौरी-विसर्जनानंतरच्या लोंढ्यात न सापडण्याची काळजी घ्यावी.

एवढे करूनही एक गोष्ट उरतेच. कोकणातल्या माणसाने आपल्या गावी जाण्यासाठी कराड-कोल्हापूरचा प्रदेश पालथा घालावा, हे त्याच्या चातुर्याचे नव्हे, तर हक्काच्या रस्त्याच्या दैन्याचे लक्षण आहे. दीड दशकात एका महामार्गाने जितक्या मुदती पाहिल्या, त्याहून अधिक आडवाटा चाकरमान्याने पाठ केल्या. उत्तम मार्ग कोणता, या प्रश्नाचे खरे उत्तर पनवेलहून सरळ दक्षिणेला जाते. ते पूर्णत्वास नेणे हे ज्यांचे काम आहे, त्यांनी बाप्पाच्या आगमनाची वाट न पाहता ते करावे.