मागोवा, वेध आणि माळावरचे हरीण

आम्ही दोघेही पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीचे अध्यापन करतो. आमच्या वर्गातील बरेच विद्यार्थी चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळी तासाला बसतात. त्यांपैकी एकाने मध्यंतरी आम्हाला भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एक शिकारी धनुष्यबाण घेऊन एका हरिणामागे तीन दिवस फिरतो, एवढीच तिची कथा. शिकारी पहाटे उंचवट्यावर बसतो, दुर्बिणीने समोरचा उतार तासन्‌तास इंच इंच न्याहाळतो. मग वारा पाहतो, वळसा घेतो, शेवटची पन्नास पावले मोजे घालून सरपटत जातो. विद्यार्थ्याचा प्रश्न साधा होता. "सर, या एकेका गोष्टीला मराठीत काय म्हणायचं?" आम्ही 'टेहळणी', 'दबा', 'माग' असे चारदोन शब्द सांगितले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आमच्या आज्याला हे सगळं येत होतं. पण घरात त्यावर कुणी बोलत नाही." तो फासेपारधी कुटुंबातला आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. तीन वर्षे तो आमच्यासमोर बसत होता.

प्रस्तुत लेख त्या अर्ध्या मिनिटाच्या संभाषणातून निघाला आहे.

प्रथम त्या चित्रफितीतील विद्येविषयी. तीत वापरलेले धनुष्य आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या रामाच्या धनुष्यासारखे नसते. त्याच्या दोन्ही टोकांना विक्षिप्त चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की ताण सत्तर-ऐंशी टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे नेमबाज बाण रोखून काही क्षण स्थिर राहू शकतो. या रचनेचे अमेरिकन पेटंट १९६९ सालचे. अशाच धनुष्यावर साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. परंतु खेळातील लक्ष्य जागचे हलत नाही. शिकारीत ते ऐकते. असा बाण सेकंदाला साधारण नव्वद मीटर जातो, तर ध्वनी जवळजवळ तीनशे चाळीस. म्हणजे तीस मीटरवरील हरिणाला दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो, आणि तेवढ्यात ते उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसलेले असते. बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट, भलत्या जागी लागतो. बंदुकीची गोळी आघाताने पाडते. बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणून धनुर्धराला अगदी जवळ जावे लागते, छातीचा नेमका भाग आडवा मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि बाण लागल्यावरही लगेच धावत न जाता अर्धा तास बसून मग रक्ताचा माग काढावा लागतो.

वाळवंटात हे दुप्पट अवघड. आडोसा नाही, दृष्टी लांब जाते, आणि वारा फसवा असतो. सकाळी ऊन तापू लागले की हवा उतारावरून वर चढते, सायंकाळी गार होऊन खाली उतरते. म्हणून सकाळी वरच्या अंगाने आणि सायंकाळी खालच्या अंगाने हरिणाकडे जावे, हा तेथला नियम. तंत्राची खरेदी कितीही केली तरी शेवटी शिकाऱ्याला वारा, माती आणि जनावराचा स्वभाव वाचता यावा लागतो. सांगायचा मुद्दा असा, की ही वाचनाची विद्या आहे.

आणि वाचन हा तर आमचा व्यवसाय. आमच्या समीक्षेचा शब्दसंग्रह पाहा. एखाद्या कवीचा आम्ही 'मागोवा' घेतो, कादंबरीचा 'वेध' घेतो, काळाची 'चाहूल' आणि समाजमनाचा 'कानोसा' घेतो, अर्थाचा 'सुगावा' लागला म्हणतो, लेखक कशावर 'नेम धरतो' ते सांगतो. परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिका या शब्दांवाचून छापताच येणार नाहीत. हे सगळे शब्द रानात पाऊल न वाजवता चालणाऱ्या माणसाच्या जगण्याशी लागून आहेत. संस्कृतात तर मुळातच 'मृग्' म्हणजे शोधणे. जो शोधला जातो तो मृग, आणि 'मार्ग'ही परंपरेने त्याच धातूशी जोडला जातो. प्रारंभी मृग म्हणजे कोणतेही वन्य जनावर. म्हणूनच सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. 'पारध' या शब्दाचा संबंध जैन संस्कृत वाङ्मयातील 'पापर्द्धि' या शब्दाशी लावला जातो. पापाची वृद्धी ती पारध. म्हणजे एकाच कृतीला एका शब्दाने शोध म्हटले आणि दुसऱ्याने पाप. आमच्या मते या दोन शब्दांमधला ताण अजून मिटलेला नाही.

आकाशातही तो दिसतो. ज्या मृगाची आपला शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून वाट पाहतो, ते नक्षत्र म्हणजे बाण लागलेले हरीण आहे. ऐतरेय ब्राह्मणातील कथेत हरिणरूप घेतलेल्या प्रजापतीला रुद्र बाण मारतो. मधले तीन तारे तो त्रिकांड बाण, खेड्यातले 'तिकांडे', आणि खाली लखलखणारा व्याध हा मारणारा. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहून याच नक्षत्राच्या आधारे वेदकाल ठरवण्याचा प्रयत्न केला. पावसाच्या आगमनाला ज्या समाजाने जखमी हरिणाचे नाव दिले, त्याला शिकार परकी नव्हती. आणि तरी त्याच परंपरेतील श्रेष्ठ नाटकाच्या प्रारंभी दुष्यंताचा ताणलेला बाण एक तपस्वी थांबवतो: हे आश्रमाचे हरीण आहे, मारू नकोस. राजा बाण काढून घेतो आणि मगच शाकुंतल सुरू होते. जेजुरीचा खंडोबा मात्र, लोककथेनुसार, शिकारीला निघतो तेव्हाच त्याला बाणाई भेटते. ज्याचे त्याचे नाटक.

हे सारे पुराणातले म्हणून सोडून द्यावे, तर आमच्या औद्योगिक पट्ट्यापासून फार दूर नसलेले इनामगाव आठवते. चाकणहून शिक्रापूरमार्गे शिरूर तालुक्यात उतरावे. तेथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांचे हे गाव इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असे नांदले. मधुकर केशव ढवळीकर यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालनाकडे व शिकारीकडे अधिक वळले. म्हणजे या दख्खनच्या पठारावर माणसाला दुष्काळात हरिणाने तारले आहे. आपला माळ हे काही थरचे वाळवंट नव्हे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील तो कोरडा मुलूखच आहे, आणि त्या मुलखाचे हरीण म्हणजे काळवीट आणि चिंकारा. शास्त्रज्ञ यांना खरी हरणे मानत नाहीत. ही कुरंगवर्गीय जनावरे, यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. मराठी मात्र चितळापासून चिंकाऱ्यापर्यंत सर्वांना हरीणच म्हणते, आणि आम्हीही तसेच म्हणू. चिंकारा अत्यल्प पाण्यावर निभावतो, आणि म्हणूनच तो सुप्याच्या माळावर आजही दिसतो.

या मुलखातील शिकारीची सर्वांत सूक्ष्म विद्या फासेपारध्यांची. तिच्यात धनुष्यापेक्षा फास महत्त्वाचा. काळविटांची वाट ओळखून जमिनीलगत फासांची रांग मांडायची आणि कळप न बिचकवता हळूहळू तिकडे वळवायचा. किंवा शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाच्या जवळ जायचे. अ‍ॅरिझोनातील शिकारी हजारो रुपयांचा चित्रविचित्र पोशाख घालून जे साधतो, ते येथे एका चरणाऱ्या बैलाने साधले जाई. त्यांच्यातीलच काही चित्ते बाळगून संस्थानिकांसाठी काळविटाची शिकार करीत. कोल्हापूर दरबारचे शिकारी चित्ते प्रसिद्ध होते. राजाची ती मृगया ठरली, पारध्याची मात्र चोरी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने पारध्यांसारख्या भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. चित्ताही भारतातून नामशेष झाल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. कायदा गेला, तरी शिक्का अजून पुसलेला नाही. नाहीतर आमचा विद्यार्थी तीन वर्षे गप्प का बसला असता?

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास. कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचण्याजोगी आहे. मारणे, पकडणे, पाठलाग करणे, फास लावणे, हाकणे, आमिष दाखवणे, आणि यांतील कशाचाही प्रयत्न करणे. आम्हाला वाचताना वाटले, की पारध्याच्या अर्ध्या विद्येची सूची आता फक्त या व्याख्येत शिल्लक आहे, तीही निषेध म्हणून. योगायोग असा, की अमेरिकेने त्याच १९७२ साली धनुष्यबाणांच्या विक्रीवरील कर वन्यजीव संवर्धनाला जोडला. बंदुकांवरील तसा कर तेथे १९३७ पासूनच होता. तिकडे शिकारी हा संवर्धनाचा खर्च उचलणारा नागरिक झाला, इकडे तो आरोपी झाला.

येथे आमचे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. तिकडचे अनुकरण करून येथे शिकार खुली करावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपली माणसे किती आणि आपली हरणे किती, याचा विचार करता बंदी योग्यच आहे. परवाना विकत घेऊ शकणारा कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी नको; पुन्हा एकदा राजाची मृगया आणि पारध्याची चोरी हाच खेळ रंगेल. ज्या शेतकऱ्याचे कोवळे पीक काळविटांचा कळप रात्रीत खाऊन जातो, त्याचा रागही आम्हाला समजतो. त्याला वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे, बाण नव्हे.

परंतु बंदी घातली म्हणजे हरीण वाचले, हा समज आम्हाला मान्य नाही. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० सालचे, क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चे, सुमारे पाच चौरस किलोमीटर. त्यापलीकडच्या माळाला महसुली भाषेत शब्द आहेत: पडीक, पोटखराब. झाडे नाहीत म्हणून वनखात्याच्या नजरेत तो पुरेसे जंगल नाही, पीक नाही म्हणून शेत नाही. जे कोणाच्याच कामाचे नाही ते मग वसाहतीला, भूखंडाला, रस्त्याला द्यायला मोकळे. ज्या कारखान्यांच्या आधाराने आमचे विद्यार्थी शिकतात त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. आमचा पगारही याच पट्ट्याच्या भरभराटीतून येतो. पण फासाने कळपातले एक हरीण जाते. 'पडीक' या शब्दाने माळ जातो आणि त्याबरोबर सगळा कळप. पारध्याने त्या भूमीला कधी पडीक म्हटले नसते. त्याला तिच्यातली प्रत्येक वाट ठाऊक होती.

मराठी साहित्याने ही विद्या जपण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशाचे, स्वतः शिकारी, आणि पुढे हातातली बंदूक ठेवून वही घेऊन रानात बसलेले. 'सत्तांतर' सारखी कलाकृती त्या बसण्यातून आली. अमेरिकेतील आल्डो लिओपोल्ड हा स्वतः धनुष्ये घडवून शिकार करणारा माणूस, त्याचाही प्रवास असाच झाला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी. त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द वेचून मराठीत आणले. २०२५ साली ते गेले. माडगूळकर २००१ सालीच गेले होते. त्यांच्या जागी आता कोण, हा प्रश्न आम्ही परिसंवादात विचारतो आणि उत्तरासाठी लेखकांकडे पाहतो. आमची चूक तेथेच होते. ज्यांच्याकडे ते शब्द अजून आहेत ते लेखक नव्हेत. ते पालावर आहेत, आणि त्यांचे नातू आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर आहेत.

म्हणून आमच्या मागण्या दोनच. पहिली, माळरान हे पडीक नसून गवताळ रान आहे, हे महसुली कागदावर यावे. दुसरी, हरणांची गणती, पाऊलखुणा आणि राखण या कामी पारधी तरुणांना सन्मानाने व नियमित वेतनावर घ्यावे. विद्या तीच, फक्त शेवटचा फास वगळून. विद्यापीठांच्या मराठी विभागांनीही पारध्यांची बोली आणि मागाची परिभाषा लेखी नोंदवावी. पण ती त्यांच्या नावानिशी, त्यांना मानधन देऊन. आणखी एक 'मागोवा' म्हणून नव्हे.

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही सांगितले, की सुट्टीत आजोबांकडे बस आणि जमेल तेवढे लिहून आण. तो हसला, म्हणाला, "आजा गेला, सर. आजी आहे. तिला इचारतो." दिवाळीनंतर त्याने वहीची चार पाने आणून दिली. त्यांतील निम्मे शब्द आमच्याकडच्या कोणत्याच कोशात सापडले नाहीत. ते येथे छापण्याचा आम्हाला अधिकार नाही. ते त्याचे आहेत. पुढची पाने तो लिहितो आहे.