कोतवाल बुक आणि इतिहासाचा शोधनिबंध

पदवीच्या विद्यार्थ्यास 'स्वातंत्र्यलढ्यात वर्ध्याचा वाटा' या विषयावर शोधनिबंध लिहावयास सांगितला की, चार मार्गदर्शिका समोर मांडून पाचवी सिद्ध करण्याचे कार्य तो इमानेइतबारे पार पाडतो. 'मूळ साधनेच मिळत नाहीत' ही त्याची तक्रार असते आणि आम्ही शिक्षकही ती मान्य करून मोकळे होतो. वर्धा जिल्ह्यात तरी ही तक्रार टिकणारी नाही.

गांधीजी १९३६ मध्ये सेगावी राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता हटविण्याच्या मागणीचा ठराव वर्ध्यातच संमत केला. या काळातील गांधीजींची पत्रे व लेख त्यांच्या शंभर खंडांच्या संकलित वाङ्मयात आहेत. परंतु आश्रम उभा राहिला तेव्हा सेगावची जमीन कोणाची होती आणि ती कसत कोण होते, हे समजण्यासाठी बंदोबस्ताचे कागद व वाजिब-उल-अर्ज यांकडेच वळावे लागते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तिचे कागद मात्र बोलके आहेत.

त्याहूनही जवळचे साधन म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्ममृत्यूंची ही नोंद. आज जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचे नाव शोधीत लोक तहसील कचेरीत खेटे घालतात. त्याच पानांवर १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आपल्या गावातील किती माणसे गेली, हेही मोजता येईल. महिन्यागणिक मृत्यू मांडले तरी एक अस्सल निबंध उभा राहील. मृत्यूचे कारण बहुधा नुसते 'ताप' असे असेल. मग लिहिणाऱ्याला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. इतिहासाचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

सरकारी कागद सरकारच्याच डोळ्यांनी पाहतो, हे विसरता कामा नये. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर जे घडले त्याला सरकार दंगल म्हणे, गाव क्रांती म्हणते. दोन्ही बाजू ऐकावयाच्या तर दप्तराबरोबर घराघरांतील आठवणीही टिपून घेतल्या पाहिजेत. प्रत्यक्ष पाहणारे आता जवळजवळ उरले नाहीत. त्यांच्याकडून ऐकणारे आहेत, तेही थकले आहेत.

प्रश्न कागदाच्या आयुष्याचाही आहे. वाळवी आणि ओल परीक्षेच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाहीत. जिल्हा प्रशासनाने महिन्यातून एक दिवस, शिक्षकाच्या देखरेखीखाली, अभिलेखकक्ष विद्यार्थ्यांना खुला करावा. महाविद्यालयांनी निबंधाचे निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेल्या एका तरी मूळ कागदाच्या चिकित्सेसाठी राखावेत. यास नवे अनुदान लागत नाही. एरवी, पणजोबांचे नाव दाखल्यापुरते शोधून त्यांच्या काळाकडे पाठ फिरविणारी पिढी आपण घडवू, आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही.