रंगरूट कोण, कॅडेट कोण?

सातारा-सांगलीकडे "पोरगं मिलिटरीत लागलं" ही बातमी आली की घरात पेढे वाटले जातात. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' हा शब्द आहे. पण पोरगं काय म्हणून लागलं, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून या वेळी आम्ही दोन शब्द घेतले आहेत.

पहिला शब्द रंगरूट. रंगाशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी 'रिक्रूट' छावणीच्या बोलीत रंगरूट झाला. मुळातल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ पुन्हा वाढणे. पलटणीतली माणसे कमी झाली की नवी भरून ती वाढवायची, ती नवी माणसे म्हणजे रिक्रूट. नवख्या, गोंधळलेल्या माणसालाही चेष्टेने रंगरूट म्हणतात. प्रशिक्षण संपून कसम परेड झाली की रंगरूटपण संपते आणि तो शिपाई होतो. 2022 पासून अशी भरती 'अग्निवीर' या नावाने चार वर्षांसाठी होते; त्यातल्या 25 टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे कायम करण्याची तरतूद आहे.

आज चेष्टेचा वाटणारा हा शब्द मिळविण्यासाठी आपल्या वाडवडिलांना झगडावे लागले. पलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, हे सर्वांना ठाऊक आहे. 1892-93 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली अर्ज लिहून दाद मागितली. पहिल्या महायुद्धात दार थोडे उघडले, युद्ध संपताच पुन्हा मिटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1941 साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

दुसरा शब्द कॅडेट. हाही फ्रेंचच; अर्थ धाकटा मुलगा. तिकडे सरदार घराण्यात जमीनजुमला थोरल्याला मिळे आणि धाकटा सैन्यात अधिकारी व्हायला जाई. म्हणजे रिक्रूट शिपाई होण्यासाठी शिकतो, कॅडेट अधिकारी होण्यासाठी. खडकवासल्याच्या एन.डी.ए.त शिकतात ते कॅडेट. शाळा-कॉलेजातल्या एन.सी.सी.च्या मुलामुलींनाही कॅडेट म्हणतात, पण ते सैन्याचे नोकर नव्हेत.

येथे पालकांनी सावध राहावे. भरतीपूर्व तयारी करून घेणाऱ्या काही खाजगी अकॅडमी आपल्या मुलांना 'कॅडेट' म्हणतात. गणवेशावर शब्द शिवला म्हणून नोकरी पक्की होत नाही. पैसे भरण्याआधी विचारा, ही तयारी शिपाई भरतीची आहे की अधिकारी परीक्षेची?

अधिकाऱ्याची वाट आपल्या जिल्ह्यातूनच सुरू होते. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली. तिथे सहावी व नववीला प्रवेश परीक्षेने घेतात, अनुसूचित जातींसाठी 15 टक्के जागा आहेत आणि 2021 पासून मुलींनाही प्रवेश मिळतो. एन.डी.ए.ची परीक्षा बारावीच्या टप्प्यावर देता येते. तिथे राखीव जागा नाहीत. मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना व सर्व मुलींना परीक्षेची फी नाही. केंद्राच्या या सवलती 1990 पासून बौद्धांनाही लागू आहेत. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेळेवर काढून ठेवा.

शिपाई होणे कमीपणाचे नाही, त्या मानासाठी तर आजोबा-पणजोबा झगडले. पण त्यांनी उघडलेल्या दारातच आपण थांबून राहू नये. घरात पाचवीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर रंगरूट आणि कॅडेट यांतला फरक आजच जेवताना समजावून सांगा. तो कळायला बारावी उजाडली, तर सैनिक शाळेचे दार तोवर मागे पडलेले असते.