भाकरी झाली, आता पट्टी घ्या

या आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीची गणिताची वही हाती आली. १/२ + १/३ = २/५. त्यावर लाल फुली आणि शेजारी शेरा : ‘लसावि काढा’. राग आला तो या शेऱ्याचा. अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्या पोरीला कुणी दाखवलंच नाही.

तिची गाडी भाकरीपाशी अडली आहे. आपण अपूर्णांक शिकवतो ते गोल भाकरी कापून. दोनपैकी एक, तीनपैकी एक. मिळून पाचपैकी दोन. तुकडे मोजणाऱ्या मुलाला हे रास्तच वाटणार. पाच चतकोर मांडून ‘एका भाकरीच्या हिशेबात किती?’ असं विचारा. ५/४ ऐवजी ५/८ सांगणारी मुलं वर्गात भेटतातच, कारण त्यांना दोन भाकऱ्यांचे आठ तुकडे दिसत असतात. भाकरी तुकडा शिकवते. तो तुकडा एक संख्या आहे, हे सांगायला ती अपुरी पडते.

आता कंपासपेटीतली पट्टी घ्या. १२ सेंमीची रेघ ओढा, एका टोकाला ० लिहा, दुसऱ्याला १. अर्धा येतो ६ सेंमीवर, एक तृतीयांश ४ वर. सहाच्या पुढे चार मोजले की दहावर पोचतो. बारापैकी दहा, म्हणजे ५/६. आणि २/५? तो ४.८ वर, अर्ध्याच्याही अलीकडे. हे पाहिल्यावर मुलगी आपलं उत्तर आपणच खोडेल. याच रेघेचे दोन-दोन सेंमीचे सहा भाग पाडा. अर्ध्यात तीन बसतात, तृतीयांशात दोन. लसावि सहा का, हे डोळ्यांना दिसतं.

क्लासमध्ये बेरजेसाठी तिरकस गुणाकाराची युक्ती शिकवतात : प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणून बेरीज करा, खाली छेदांचा गुणाकार लिहा. संख्येचा अंदाज येण्याआधी ही युक्ती मुलांच्या हाती देऊ नका. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणून उत्तर २. ते निवडलं फक्त २४ टक्के मुलांनी. अंशांची बेरीज १९, छेदांची २१. निम्म्याहून अधिक मुलं या दोन आकड्यांवर गेली.

पाचवीतली ही उणीव पुढे भूमितीत नडते. नववीत निर्देशक भूमिती येते, म्हणजे आरंभबिंदूत काटकोनात छेदणाऱ्या दोन संख्यारेषा. (३, २) हा बिंदू सगळे दाखवतात. (३/२, −१/२) आला की पेन्सिल थांबते. दहावीत रेषाखंड २:३ या गुणोत्तरात विभागायचा असतो. तो बिंदू पहिल्या टोकापासून २/५ अंतरावर येतो, पण मुलं २/३ धरून बसतात. भूमितीला घाबरणारी निम्मी मुलं मुळात अपूर्णांकालाच घाबरलेली असतात, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पाचवीच्या शिक्षकांना विनंती : अपूर्णांकाच्या पहिल्याच आठवड्यात भाकरीच्या जोडीला संख्यारेषा आणा. आणि बेरीज मांडण्याआधी प्रत्येक मुलाला एकच विचारा, उत्तर एकाच्या अलीकडे येईल की पलीकडे? लसावि त्यानंतर.