विसरण्यासाठी पिणाऱ्यांचे वकील

“बिचारा, दुःख विसरण्यासाठी पितो हो!” हे वाक्य कधीच कानावर पडले नाही असा मराठी माणूस विरळा. कधी ते शेजारीण कुजबुजते, कधी कचेरीतला सहकारी डबा खाताना उच्चारतो, तर कधी पिणाऱ्याची आईच डोळ्यांना पदर लावून पाहुण्यांपुढे म्हणते. हे वाक्य एकदा उच्चारले गेले की पुढची चौकशी संपते. आरोपी सुटतो आणि त्याच्याबरोबर दारूही निर्दोष सुटते. इतके दयाळू दिसणारे आणि इतके घात करणारे वाक्य आपल्या भाषेत दुसरे क्वचितच सापडेल. दिवाळीच्या फराळाबरोबर हा कडू घोट कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, या वाक्याला लहानाचे मोठे साहित्याने आणि रंगभूमीने केले आहे. तेव्हा त्याचा जाबही साहित्याच्याच दरबारात विचारला पाहिजे.

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हुशार वकील आहे. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, मन पेटून उठते, आणि नेमक्या त्या क्षणी तळीराम प्याला पुढे करतो. आमच्या प्रेक्षकाने यातून काय उचलले? अपमान झाला, म्हणून दुःख झाले. दुःख झाले, म्हणून तो प्याला. एवढीच साखळी त्याने घरी नेली. गडकऱ्यांनी तर याच्या पुष्कळ पुढचे दाखविले आहे. सनदेचे दुःख केव्हाच मागे पडते, आणि तरीही माणूस घसरतच जातो. तो दारू सोडून पुन्हा माणसांत येऊ पाहतो, तेव्हा प्रतिष्ठितांची दारे लागतात आणि तो परत प्याल्याकडे वळतो. पण शंभर वर्षे आम्ही सिंधूसाठी रुमाल भिजवले आणि सुधाकराच्या मनात दारू काय करीत होती, हे विचारावयाचे विसरलो. उरला तो तळीराम. त्याचे आम्ही सामान्यनाम केले. एकतीस डिसेंबर उलटला की ‘इतक्या तळीरामांवर कारवाई’ अशी बातमी आम्ही आजही हसत वाचतो. एका भयंकर आजाराला विनोदी नाव मिळाले, की त्याच्यावर उपचार करावे असे कुणाला वाटावे?

आता त्या वाक्यातला खोटेपणा पाहू. दारूने दुःख हलके होते, हे पहिल्या घोटापुरते खरे आहे. मेंदूत चेतविणारी आणि शमविणारी अशी दोन प्रकारची रसायने कार्य करीत असतात. दारू शमविणाऱ्याला, म्हणजे ‘गॅबा’ला, जोर देते आणि चेतविणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबून धरते. म्हणून काळजी निवते, जीभ सैल होते, जग बरे वाटू लागते. पण मेंदू हा मुकाट्याने दाबून घेणारा अवयव नाही. रोज एक पारडे कोणी दाबू लागले, की तो दुसऱ्या पारड्यात वजन टाकून तोल सांभाळतो. मग संध्याकाळची दारू उतरली की हे जादा वजन तेवढे शिल्लक राहते. पहिली झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. पहाटे तीनला छातीत धडधड घेऊन माणूस उठून बसतो. सकाळी हात कापतो, जीव घाबरा होतो, उगाच रडू येते. त्याला वाटते, हे माझे जुने दुःख. वस्तुतः ते कालच्या बाटलीचे देणे असते. ते फेडण्यासाठी तो आज पुन्हा बाटलीकडेच जातो. सावकाराचे व्याज त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढून भरणाऱ्या शेतकऱ्याचे पुढे काय होते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको.

हा माझा तर्क नाही. अमेरिकेतील सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट या संशोधकांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यपाशावरील उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झालेले १९१ पुरुष त्यांनी तपासले. दाखल होताना त्यांतील ४२ टक्के रुग्णांत वैद्यकाने दखल घ्यावी इतके नैराश्य होते. चार आठवडे दारूवाचून काढल्यावर तसे नैराश्य उरले अवघ्या ६ टक्के रुग्णांत. या चार आठवड्यांत त्यांची गेलेली नोकरी परत आली नव्हती, मोडलेला संसार सांधला गेला नव्हता. जगातली दुःखे जिथल्या तिथे होती. एकच गोष्ट गेली होती: दारू. आणि तिच्याबरोबर बहुतेकांचे ते ‘दुःख’ही गेले होते!

यावर वकील मंडळी म्हणतील, “त्या सहा टक्क्यांचे काय?” प्रश्न रास्त आहे. काही जणांचे नैराश्य दारूच्या आधीचे असते, काहींच्या मनावर बालपणापासूनच्या जखमा असतात, हे मी नाकारीत नाही. परंतु अशा माणसाला तर दारू अधिकच महाग पडते. ती त्याचा मूळ आजार बळावते, चालू असलेल्या औषधांत बिघाड करते, आणि आत्महत्येचा विचार व कृती यांमध्ये विवेकाची जी भिंत असते ती नेमक्या वाईट रात्री पाडून टाकते. त्याला दोन्हींवर एकाच वेळी उपचार हवा असतो. दोन्ही परींनी हिशेब मांडला तरी दारूच्या खात्यावर औषधाचा गुण जमा होत नाही.

या दयाळू वकिलांच्या समोर दुसरा एक पक्ष उभा आहे. तो कठोर फिर्यादींचा. त्यांचे म्हणणे असे की हे सारे थेर आहेत. इच्छाशक्ती असेल तर दारू आज सुटते. देवापुढे शपथ घ्या, गळ्यात माळ घाला आणि मोकळे व्हा. माळेविषयी मला आदर आहे. तिने सावरलेली माणसे खेडोपाडी आहेत. पण वर्षानुवर्षे दररोज भरपूर पिणारा माणूस शपथ घेऊन एकाएकी थांबतो, तेव्हा त्याच्या मेंदूतल्या त्या जादा वजनाला रोखणारे काहीच उरत नाही. एखाद्याला फिट येते. एखादा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमिष्ट होतो. भिंतीवरून किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे बोलू लागतात, अंग घामाने निथळते, दिवस की रात्र तेही कळत नाही. वैद्यक या अवस्थेला कंपोन्माद म्हणते. वेळीच उपचार न झाल्यास ती प्राण घेऊ शकते. आमच्याकडे काय होते? कोणी म्हणतो बाहेरची बाधा झाली, कोणी मांत्रिकाला बोलावतो, आणि कोणी अनुभवी काका हळूच सांगतो, “सोडली म्हणून वेड लागलं. थोडी पाजा, उतरेल.” थोडी पाजली की खरोखरच उतरते. झाले! दारू सोडणे हेच वेड, असा सिद्धान्त त्या घरात कायमचा रुजतो. तो माणूस पुन्हा कधी शपथेच्या वाटेला जात नाही, आणि फिर्यादी मात्र त्याला नादान म्हणून मोकळे होतात. चार दिवस डॉक्टरच्या नजरेखाली ठेवून, शामक औषधे आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन जे साधले असते, ते अज्ञानापायी हातचे जाते.

या ब-१ जीवनसत्त्वाची गोष्ट तर अधिकच करुण आहे. जेवण टाकून पिणाऱ्याच्या शरीरात ते खालावते. कोर्साकोव्ह या रशियन वैद्याने १८८७ साली जे स्मृतिभ्रंशाचे चित्र नोंदवले, ते अशांच्या वाट्याला येऊ शकते. जुने आठवते, पण सकाळी घडलेले दुपारी आठवत नाही. आणि रिकाम्या जागा मन न घडलेल्या हकिकतींनी भरून काढते. घरचे म्हणतात, “आता खोटंही बोलायला लागला.” तो खोटे बोलत नसतो. आपल्या स्मरणशक्तीला भोक पडले आहे, एवढे समजण्याइतकी स्मरणशक्तीही त्याच्यापाशी उरलेली नसते. विसरण्यासाठी पिणाऱ्याची इच्छा अशी पुरी होते.

तिसरी जात धंदेवाइकांची. “दारुड्यास न सांगता दारू सोडवा” ही जाहिरात कोणत्या एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर कुणी वाचली नाही? चहात पूड टाकावयाची, भाजीत थेंब सोडावयाचे! डायसल्फिरॅम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायल्यास जीव कासावीस होतो, आणि प्रसंगी जीवावरही बेतते. म्हणूनच ते रुग्णाला स्पष्ट सांगून, त्याच्या संमतीने द्यावयाचे असते. चोरून काहीही घालण्यात आणखी एक धोका आहे. दीर्घकाळच्या दारूने काही पुरुषांच्या मनात बायकोविषयी विलक्षण संशय उत्पन्न होतो. ती परपुरुषाकडे जाते, ती माझ्या जिवावर उठली आहे, अशी त्याची खात्री होऊन बसते. अशा माणसाला आपल्या चहात खरोखरच काही घातलेले सापडले, तर त्या रात्री त्या बाईवर काय ओढवेल, याचा विचार भिंत रंगविणाऱ्याने केलेला नसतो.

आणि सरकार? मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. तेव्हापासून आमचे सारे वाद दुकानाच्या दाराशीच घोटाळत आहेत. दार उघडावे की लावावे? चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लावले, २०२१ साली उघडले. दोन्ही बाजूंनी शब्दांच्या लढाया झाल्या. पण आधीपासून पिऊन आजारी झालेल्या माणसासाठी खाटा किती, मनोविकारतज्ज्ञ किती, हा प्रश्न दोन्ही सैन्यांना गौण वाटला. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेली देशव्यापी पाहणी सांगते की, देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि सुमारे पावणेसहा कोटींना त्यापायी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांना आम्ही काय दिले? कोणाला कीव, कोणाला शिवी, कोणाला पुडी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थान दिले. कायद्याला जे कळले ते आमच्या ओसरीवर अजून पोचावयाचे आहे.

मार्ग नाही असे नाही. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. व्यसनी माणसाला तेथे रुग्ण म्हणून घेतले गेले. कीव नाही आणि कोर्टही नाही. त्याच्या बायकोचेही मन पिचलेले असते, हेही तेथे ओळखले गेले. सिंधूची पूजा बांधणाऱ्या समाजाला ते ओळखण्यास फार उशीर लागला. पतीचे सर्व काही सोसणारी स्त्री पतिव्रता ठरली, की तिच्या निद्रानाशाची, भीतीची आणि कोपऱ्यात दडून बसणाऱ्या मुलांची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लेखकांनी बाटली हातात घेतलेल्या नायकाला दुःखाची शोभा चढविणे थांबवावे. पहाटे तीनची त्याची धडधडही लिहावी. सरकारने दुकानांच्या परवान्यांबरोबर प्रत्येक जिल्हा रुग्णालयातील व्यसनोपचाराच्या खाटांचाही आकडा दरसाल जाहीर करावा. आणि वाचकहो, तुमच्यासमोर कोणी “बिचारा, विसरण्यासाठी पितो” असे म्हणाले, तर मान हलवून गप्प बसू नका. “डॉक्टरच्या देखरेखीखाली महिनाभर दारूवाचून राहून त्याचे दुःख किती उरते, हे कोणी पाहिले आहे का?” एवढे विचारा. उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. मग त्याच्या घरच्यांबरोबर जवळच्या सरकारी रुग्णालयाची पायरी चढा.